कर्लीच्या खाडीतले गादे

गुरुवार, कार्तिक वद्य एकादशी

आळंदीला निघालेल्या दिंड्यांमुळे पुण्यातून बस सुटायलाच तासभर उशीर झाला. सकाळी डोळे उघडले तेव्हा कसालचा फाटा आला होता. कट्ट्याला ड्रायव्हरने चहासाठी गाडी थांबवली, मालवण स्टँडवर उतरून रिक्षा केली आणि तारकर्लीची हॉटेलं मागे टाकून देवबागेत मामाच्या दारात उभी राहिले. डाव्या हाताला खाडी, उजव्या हाताला समुद्र, मध्ये माडांची एक पट्टी आणि त्या पट्टीवर गाव. दर पावसाळ्यात दोन्ही अंगांनी पाणी गावाचा घास घेतं आणि दर पावसाळ्यानंतर कुठे ना कुठे नवा दगडी बंधारा दिसतो.

माझी आई ह्या घरातली. तिची सगळी भावंडं पाण्यावर वाढली, ती लग्न करून पुण्याला आली आणि मी मासा ओळखायला शिकले तो मंडईतल्या ट्रेमध्ये, बर्फावर. चाळिशी उलटल्यावर हे टोचायला लागलं म्हणून ह्या वेळी ठरवूनच आले: चार दिवस मामाबरोबर होडीत बसायचं. फोनवर विचारलं तेव्हा मामा थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "ये. पण होडयेत बसान बोलूचा नाय."

मालवणात उतरल्या उतरल्या तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याचा विचार डोक्यात होता. मामीने पुढ्यात साबुदाण्याची खिचडी ठेवली. "आज एकादशी. मासो नाय." मासेमारांच्या घरी येऊन पहिलं जेवण शेंगदाण्याचं! मुकाट्याने खाल्लं.

दुपारी मामा मागल्या पडवीत कांडाळी पसरून बसला. कांडाळ म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं जाळं. वरच्या दोरीला बोये, खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या. मासा पुढे जायला बघतो, डोकं आसातून, म्हणजे जाळ्याच्या घरातून, आत जातं, कल्ले अडकतात. हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं ते असं की फाटलेलं जाळं वाचता येतं.

"ह्यां बघ," मामाने एक भोक दोन बोटांवर ताणून धरलं. एकदोन आस तुटलेले, कडा कुरतडल्यासारख्या. "ह्यां कुर्ल्याचा." कुर्ली म्हणजे खेकडा. मग दुसरं, सुपारीएवढं, गोल, कात्रीने कापल्यासारखं स्वच्छ. "ह्यां केंडाचा." केंड म्हणजे तो फुगणारा मासा, दात पक्कडीसारखे. तिसरं भोक दाखवायला त्याला दोन्ही हात लागले. पंधरावीस आस एकदम गेलेले, दोरे लांब ओढले जाऊन तुटलेले, आणि भोकाच्या कडेला एका आसात माशाचं डोकं तेवढं अडकून वाळलेलं. धड नाही.

"आणि ह्यां गाद्याचा."

गादा म्हणजे डॉल्फिन. आमच्या घरात डॉल्फिन हा शब्द पर्यटकांसाठी राखून ठेवलेला आहे. मामेभाऊ तो दिवसातून शंभर वेळा उच्चारतो, मामाने आयुष्यात उच्चारला नसेल.

मामाने माझ्या हातात सुई दिली, नायलॉनचा दोरा भरलेली, आणि एक केंडाचं भोक मला दिलं. शिकाऊ माणसाला लहान भोक. बोटाचं माप धरून गाठ, पुन्हा बोटाचं माप, पुन्हा गाठ. तासाभरात मी जे विणलं त्यातला एक आस दुसऱ्याच्या दुप्पट होता. मामाने बघितलं, हुंकार भरला आणि ते तसंच राहू दिलं. मला वाटलं होतं उसवेल.

झोपताना उद्या किती वाजता उठायचं विचारलं तर त्याने घड्याळ बघितलंच नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. उद्या द्वादशी. बारा त्रिक छत्तीस, छत्तीसाला चाराने भाग, नऊ. नऊला पाणी पूर्ण भरणार, म्हणजे तीनपासून चढायला लागणार, म्हणजे साडेचारला होडीत. अमावास्या जवळ आली म्हणजे उधाणाचे दिवस, पाण्याला ओढ. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी आळशी. मुंबईच्या मानाने आमच्या भरतीची उंची निम्मीसुद्धा नाही, उधाणातही दोन मीटरच्या आगेमागे. पण कांदळवनात दोन मीटर म्हणजे जमिनीचं पाणी आणि पाण्याची जमीन होण्याएवढा फरक.

शुक्रवार, द्वादशी

साडेचारला गार वारा आणि पूर्वेला नखाएवढी चंद्रकोर. मामाची होडी जुनी, लाकडी, एका अंगाला उलांडी, म्हणजे तोल धरणारं लाकूड, बांधलेली. मुलाने फायबरची घेतली, ह्याने घेतली नाही. मला मधल्या फळीवर बसवलं, पायाशी पाणी उपसायचा डबा दिला आणि उपसायला लावलं. इंजिन नाही, वल्हं. भरतीचं पाणी आपणच आत ओढून नेतं, तेल कशाला जाळा, हा त्याचा हिशोब.

कर्ली नदी सह्याद्रीतून येते आणि समुद्राला मिळायच्या आधी देवबागेच्या पट्टीला समांतर वाहत राहते, जणू शेवटच्या क्षणी विचार बदललाय. (कर्ली नावाचा मासाही आहे, काट्यांचं नुसतं जाळं. नदीचं आणि त्याचं नातं मामाला विचारलं तर म्हणाला, दोघींच्याय पोटात काटे.) संगमाकडे तोंड केलं तर पलीकडे भोगवे आणि निवतीचे डोंगर. आम्ही उलट, वरच्या अंगाला निघालो. तिथे काठावर घरं संपतात आणि कांदळ सुरू होतं. पुढे पाण्यात पाय रोवून उभी चिपी, मागे कमानीसारख्या मुळांचा कांदळ, त्याच्याही मागे तिवर. पांढरी चिपी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, पण तिचं खरं वैभव सरकारी कागदावर दिसणार नाही, पहाटे दिसतं. तिची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं आणि पतंग येऊन जातात, आणि उजाडेपर्यंत पांढरे केसर गळून पाण्यावर तरंगायला लागतात. बॅटरीच्या उजेडात होडीभोवती दाढीचे केस सांडल्यासारखे दिसत होते.

मोठ्या खाडीला कांदळातून एक व्हाळी येऊन मिळते. रुंदी दोन होड्यांची. भरतीला तिच्यातून शेवटे आत जातात, झाडांच्या मुळांतला गाळ आणि शेवाळ खायला. शेवटा म्हणजे रायगडकडचं बोईट. ओहोटी लागली की ते सगळे त्याच तोंडाने बाहेर येतात. म्हणून भरती भरत आली की व्हाळीच्या तोंडावर कांडाळ लावायची आणि पाणी फिरायची वाट बघायची. तोवर पाग. पाग हे गोल जाळं एकट्या माणसाचं: कडेच्या शिशाच्या गोळ्यांतला एक भाग खांद्यावर, एक कोपरावर, उरलेला हातात, आणि कमरेतून झटका. पाण्यावर ताटासारखं उघडलं पाहिजे. मामाचं प्रत्येक वेळी उघडत होतं. पाच-सहा पागांत दोन काळुंदरं, मूठभर कोळंबी आणि एक शेंगाळा आला. शेंगाळ्याचा काटा लागला तर दिवसभर ठणकतं, म्हणून मामाने तो फडक्यात धरून काढला आणि मला हात लावू दिला नाही.

सहाच्या सुमाराला, अजून उजाडलं नव्हतं, मामाने वल्हं आडवं धरलं.

"आयक."

मला काहीच ऐकू येईना. लांब समुद्राची गाज, जवळ उलांडीखाली पाण्याची चुळचुळ. मग आलं. फुस्स. सायकलच्या चाकातली हवा कुणीतरी एकदम सोडावी आणि लगेच बोट ठेवावं, तसं. थांबलं. पुन्हा, जरा जवळ. मग त्याच्या मागून एक लहान, घाईचं. अंधारात इतकं मोठं काहीतरी श्वास घेतंय आणि आपल्याला दिसत नाही, ह्याने माझ्या मानेवर काटा आला. वाऱ्याबरोबर वासही आला, मासळीच्या टोपल्या धुतल्यावर येतो तसा. डॉल्फिनचं जे गुळगुळीत, हसरं चित्र डोक्यात असतं त्यात वास नसतो.

"किती?" मी कुजबुजले.

"तीन. चार असतीत." आणि मग, अगदी मामीने शेजारणीबद्दल बोलावं तसं, "इले आयते."

पूर्वेला, चिपी गावाच्या सड्यामागे (सडा म्हणजे कातळाचं पठार), फटफटायला लागलं तेव्हा पहिली पाठ दिसली. आधी लांब चोच तिरकी वर आली, मग कपाळ, मग पाठीचा तो लांबट उंचवटा आणि त्यावर चिकटवल्यासारखा लहानसा पर, मग सगळं चाक फिरल्यासारखं पाण्यात. रंग ओल्या पाटीचा. अंतर होडीच्या तीनचार लांब्या. त्यांनी आमच्याकडे लक्ष दिलं नाही. ते व्हाळीच्या तोंडाकडे बघत होते, म्हणजे जिथे आम्ही बघत होतो तिथेच.

माझी चूक इथली. मामाने कांडाळीच्या वरच्या दोरीचं टोक माझ्या हातात दिलं होतं, दुसरं टोक चिपीच्या खोडाला बांधायला तो होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, उभा होता. "घट धर," एवढंच सांगितलं होतं. आणि एक गादा होडीला वळसा घालून अगदी उलांडीजवळ वर आला. मी दोरी गुडघ्याखाली दाबली आणि खिशातून मोबाईल काढला. उधाणाच्या पाण्याला ओढ असते हे रात्रीच ऐकलेलं. दोरी गुडघ्याखालून सरसरत गेली, जाळं दाराच्या पडद्यासारखं एका बाजूला वाहून गेलं आणि त्याच्या मागून शेवट्यांचा थवा पाण्यावर चांदीच्या नाण्यांसारखा उडत मोठ्या खाडीत. पुढच्या मिनिटाला जे झालं ते मी नीट बघितलंही नाही, नुसत्या पाठी, शेपट्या, पाण्याचे फटकारे ऐकले. आम्ही वाट बघितलेला मासा गाद्यांनी खाल्ला.

मामा ओरडला नाही. जाळं गोळा करून होडीत घेतलं, बसला, चुना मळला. मग विचारलं, "फोटो तरी गावलो?"

गावला नव्हता. मोबाईलमध्ये अकरा सेकंदांचं करड्या पाण्याचं चित्रण आहे आणि त्यात माझाच आवाज: अगं बाई.

दुपारी तीनला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, म्हणून मामीबरोबर कालवं काढायला गेले. खडकाला चिकटलेलं कालव कोयत्याच्या टोकाने फोडायचं, आतला मऊ गोळा वाटीत टाकायचा. मामीची वाटी भरली तेव्हा माझ्या वाटीचा तळ दिसत होता आणि डाव्या तळपायाला कालवाच्या कडेने इंचभर चीर पडली होती. सकाळच्या प्रकाराबद्दल मामीचं मत साधं होतं. बाजारात आज कोळंबी आणि दोन काळुंदरं नेली. एरवी शुक्रवारी एवढ्यावर टोपली उचलत नाही. माझ्याकडे न बघता ती हे म्हणाली, ते जास्त लागलं.

शनिवार, त्रयोदशी

मामाने आज मला नेलं नाही. पायाच्या चिरेचं निमित्त सांगितलं, मी ते निमित्तच मानलं.

मग मामेभावाच्या बोटीतून गेले. तो हंगामात पर्यटकांना संगम, पाण्यावरचा तो त्सुनामी आयलंड नावाचा वाळूचा टापू आणि शेवटी 'डॉल्फिन पॉइंट' दाखवतो. बोटीत नारिंगी जाकिटं घातलेले नऊजण, एक कुटुंब नाशिकचं, एक बेळगावचं. संगमातून बाहेर पडताना लाटा उंच येतात, दोघांना लगेच मळमळलं. बाहेर सात-आठ बोटी आधीच गोल करून उभ्या होत्या. पाठ दिसली की कुणीतरी "तिकडे!" म्हणायचं आणि सगळी इंजिनं एकदम त्या दिशेला. गादा बुडायचा. दुसरीकडे निघायचा. पुन्हा सगळे तिकडे. वीस मिनिटांत मी चार पाठी मोजल्या, सगळ्या लांब जाणाऱ्या. बेळगावच्या आजोबांना एकही दिसली नाही, ते शेवटपर्यंत चुकीच्या बाजूला बघत राहिले.

मामेभाऊ इतरांपेक्षा बरा. गोलापासून लांब त्याने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, थांबू, आपणच येतील. पाच मिनिटांत प्रवाशांनी कुरकूर सुरू केली: त्या बोटी जवळ गेल्यात, आपण इथे का? त्याने इंजिन सुरू केलं. दोष कुणाला द्यायचा? पैसे मोजलेल्या माणसाला थांबणं विकता येत नाही.

परतताना, प्रवासी उतरल्यावर, मी त्याला कालचं सांगितलं. तो हसायला लागला. "आमच्या घरात दोन होडये. एक गाद्याक गाळी घालता, दुसरी गाद्याच्या जिवार पोट भरता." मग जरा गंभीर झाला. जून-जुलैची मासेमारी बंदी, त्यात बोटीचा हप्ता. बापाची होडी आठवड्यातून दोन दिवस रिकामी येते. ह्याची बोट दिवाळीपासून मेपर्यंत रिकामी नसते. "बाबा म्हणता गादो चोर. मी म्हणतंय, चोर तर चोर, पण भाडां भरता."

हा गादा शास्त्राच्या पुस्तकात हम्पबॅक डॉल्फिन. २०१४ साली त्या कुळाच्या चार वेगळ्या जाती मानल्या गेल्या. आपल्याकडचा तो दक्षिण आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या किनाऱ्याचा. किनाऱ्याचा म्हणजे शब्दशः: वीस-पंचवीस मीटरपेक्षा खोल पाण्यात तो सहसा जातच नाही. खाड्यांची तोंडं, उथळ उपसागर, खडकाळ किनारा, म्हणजे नेमकी तीच जागा जिथे माणूस जाळं टाकतो, बंदर बांधतो, गावाचं सांडपाणी सोडतो आणि आता बोटीतून फिरतो. आंतरराष्ट्रीय लाल यादीत २०१७ पासून तो संकटग्रस्त आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तर पहिल्याच अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, साधारण २९ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात. गाद्याला त्याची हद्द कुणी दाखवलेली नाही.

हे सगळं रात्री जेवताना मी मामाला सांगितलं. मोबाईलवर वाचून. त्याने तिखल्यातला बांगडा सोलता सोलता ऐकलं. चार जातींवर त्याचं म्हणणं, "गादो तो गादो." कायद्याबद्दल मात्र तो माझ्यापेक्षा जास्त जाणून होता. जाळ्यात कासव, देवमासा, गादा अडकला आणि तो सोडवायला जाळं कापावं लागलं तर सरकार भरपाई देतं, पंचवीस हजारांपर्यंत. २०१८ च्या डिसेंबरपासून ही योजना आहे आणि तिने पुष्कळ प्राणी वाचले हे तोही मान्य करतो. पण त्याची स्वतःची एक तक्रार आहे, आणि ती त्याने इतक्या वेळा सांगितलेली असावी की मामीने ओठांनी शब्द आधीच म्हणून दाखवले: "गाद्यान जाळा फाडल्यान तर कायेक नाय. आपण गाद्यासाठी फाडला तर पैशे."

मामेभाऊ ताटावरून म्हणाला, "मगे गाद्याक सांगा, अडकान दाखव." मामासुद्धा हसला. चौघं एका चुलीपाशी बसलो होतो.

रविवार, चतुर्दशी

चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार, साडेदहा. उजाडल्यावर निघायला हरकत नव्हती. मी मोबाईल मामीच्या हळदीच्या डब्याशेजारी ठेवला आणि हे मामाला दिसेल असं ठेवला.

दिवसाउजेडी तीच खाडी दुसरी वाटते. पाणी चहात दूध कमी पडल्यासारखं, चिपीच्या खोडांवर कालवांची ओळ जिथपर्यंत भरती चढते तिथे रेघ मारल्यासारखी थांबलेली. ब्राह्मणी घार एका फांदीवर, खाली खंड्या दुसऱ्या फांदीवर, दोघेही आमच्यासारखेच पाणी फिरायची वाट बघत. एका चिखलाच्या काठावर पावलांचे ओले ठसे आणि माशाच्या खवल्यांचा ढीग होता. "ऊद," मामा म्हणाला. पाणमांजर. म्हणजे ह्या एका व्हाळीवर गिऱ्हाइकं किती!

दहाला कांडाळ घेऊन तोंडावर उभे राहिलो. ह्या वेळी दोरी दोन्ही हातांत, मनगटाला एक वेढा घ्यायला गेले तर मामाने लगेच सोडवला. "हाताक गुंडाळू नको कधी. गादो लागलो तर हात घेवन जायत." टोक चिपीला बांधून झालं तरी त्याने जाळं पाण्यात सोडलं नाही, होडीत घडी करून मांडीवर ठेवलं. पाणी थांबलं. खरंच थांबतं, पाण्यावरचं एक पिवळं पान तिथल्या तिथे गोल फिरत राहिलं, मग जरा विचार केल्यासारखं करून समुद्राच्या दिशेने सरकलं.

फुस्स.

तीन होते. व्हाळीच्या तोंडापासून पंधराएक हातांवर, मोठ्या खाडीच्या खोल भागात, एका जागी वर-खाली. दिवसा बघताना कळलं की त्यांचा रंग पाटीचा नुसता नाही, पोटाकडे फिकट ठिपके आहेत, आणि एकाच्या पराची मागची कड खाल्लेल्या बिस्किटासारखी तुटलेली. "ह्यो जुनो," मामा म्हणाला. तुटका पर तो आठनऊ वर्षं ओळखतो. जाळ्यातून काढून खायची युक्ती बाकीच्यांना ह्यानेच शिकवली असा त्याचा पक्का समज आहे आणि तो बोलताना त्याच्या आवाजात जी चीड होती तिच्यात थोडा मान मिसळलेला होता. चांगल्या पागणाऱ्या शेजाऱ्याबद्दल असतो तसा.

तिसरं वर आलं ते लहान. रंगाने बरंच फिकट, आणि श्वास घेताना डोकं गरजेपेक्षा जास्त वर काढणारं, पोहायला नुकतंच शिकलेलं पोर काढतं तसं. मोठ्या एकीच्या कुशीला चिकटून.

शेवटे निघाले होते. व्हाळीच्या पाण्यावर पाऊस पडल्यासारखे थेंब उठत होते. जाळं सोडायची हीच वेळ, हे आता मलाही कळत होतं. मी मामाकडे बघितलं. त्याने घडी मांडीवरच धरलेली.

"सोडू?"

"थांब. पोर असा वांगडा." वांगडा म्हणजे बरोबर.

आम्ही थांबलो. शेवट्यांची पहिली फळी बाहेर पडली आणि गादे कामाला लागले. तुटक्या पराचा खालून आला, मासा एका बाजूला उसळला, तिथे दुसरी उभी. पिल्लू मधेच, गोंधळलेलं, भलत्याच दिशेला धावणारं. एक शेवटा हवेत हातभर उडाला, त्याच्या मागून चोच आली, दातांच्या बारीक ओळी मी स्पष्ट पाहिल्या, चोच मिटली, मासा निसटला, आणि तो थेट माझ्या मांडीवर. थप्प. तिथून होडीच्या तळाला. मी किंचाळले नाही ह्याचा मला अजून अभिमान आहे. मामा बोलला नाही, फक्त डबा त्याच्यावर पालथा घातला.

दहा-पंधरा मिनिटांत ते खोल पाण्याकडे सरकले. श्वास लांब गेले. मग मामाने जाळं सोडलं आणि जे मागे राहिले होते ते आम्हाला मिळाले: अठरा शेवटे, दोन तांबोशी, एक कुर्ला जो जाळ्यातून काढताना तीन आस कुरतडून गेला.

वल्हवत परतताना मी विचारलंच. पोराची दया आली का? मामाने माझ्याकडे पुण्याच्या माणसाकडे बघतात तसं बघितलं. पोर जाळ्यात गुरफटलं की आई जाळं सोडत नाही, सबंध कांडाळीचा चुथडा होतो. मग सुरी काढा, कापा, कापताना फोटो काढा, अर्ज भरा, फेऱ्या मारा. त्यापेक्षा पंधरा मिनिटं थांबलेलं स्वस्त. एवढं बोलून तो बराच वेळ गप्प राहिला. संगमाची गाज ऐकू यायला लागली तेव्हा म्हणाला, "गेल्या साली पोर नाय होता तिका."

घरी मामीने मासळी निवडली. सतरा शेवटे टोपलीत गेले, अठरावा घरात राहिला. एकोणिसावा, डब्याखालचा, तिने हातात फिरवून बघितला. कल्ल्यामागे दोन्ही बाजूंना दातांचे ठिपके, शिवणीच्या टाक्यांसारखे ओळीत. "ह्यो बाजारात कोण घेवचो नाय," ती म्हणाली. "गाद्याचो उष्टो." मग खवले काढले, चीर दिल्या, आगळ, हळद, तिखट लावून बाजूला ठेवला. दुपारी तो माझ्या ताटात वाढला. दातांच्या ठिपक्यांत मसाला छान मुरला होता.

रात्रीची बस साडेसातची. निघताना मामा पडवीत कुर्ल्याने कुरतडलेले आस सांधत बसला होता. मी गुरुवारी विणलेला तुकडा शोधून बघितला. तो वेडावाकडा आस तसाच होता.

पुढच्या गुरुवारी रात्री ऑफिसातून येऊन फोन केला. मामी म्हणाली, काल तुटका पर आला होता, जाळ्याची वाट लावून गेला, मामा सकाळपासून सुई घेऊन बसलाय. मी म्हटलं, त्याच्याकडे दे फोन. माझा तुकडा गेला का, एवढंच विचारायचं होतं.

"नाय," मामा म्हणाला. "तू सांधलेला धरला. बाजूचा फाटला."